सिंगापूर ते जकार्ता: जाताना पाऊण तास, येताना पावणेतीन?

आमच्या आईला तिकीट बघितल्याशिवाय चैन पडत नाही. मी कुठेही निघालो की तिकिटाचा फोटो तिला जायलाच हवा. नोकरी सिंगापूरला आणि दर दोन महिन्यांनी जकार्त्याच्या ऑफिसात दोन दिवसांचं काम, त्यामुळे असे फोटो बरेच जातात. एकदा तिने एक नीट वाचला. जाताना, सिंगापूरहून सकाळी ९.१०, जकार्ता ९.५५. येताना, जकार्त्याहून संध्याकाळी ६.२०, सिंगापूर रात्री ९.०५.

लगेच फोन. "जाताना पाऊण तास नि येताना पावणेतीन? येताना काय विमान ढकलत आणता?"

आईची सगळी नोकरी बँकेत हिशेब जुळवण्यात गेली, तिची वजाबाकी चुकणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, "अगं, दोन्हीकडची घड्याळं वेगळी आहेत." तर म्हणे, "ते कळलं. मग खरा वेळ किती?"

प्रश्न रास्त आहे. आणि त्याचं उत्तर त्या तिकिटातच दडलेलं असतं, दोन शहरांच्या घड्याळांत किती फरक आहे हे माहीत नसलं तरी काढता येतं. जाताना घड्याळ ४५ मिनिटं पुढे सरकलं, येताना १६५. बेरीज २१०, तिचे निम्मे १०५. म्हणजे पावणेदोन तास, हा खरा प्रवास. आता बेरजेऐवजी वजाबाकी करा. १६५ वजा ४५ म्हणजे १२०, त्याचे निम्मे ६०. हा दोन घड्याळांमधला फरक. जाताना जो एक तास फुकट मिळाल्यासारखा वाटतो तो येताना परत करावा लागतो, म्हणून बेरीज केली की तो आपोआप कटतो. अट एकच, दोन्ही दिशांना विमानाला सारखाच वेळ लागला पाहिजे. सिंगापूर–जकार्ता मार्गावर ही अट बऱ्यापैकी पाळली जाते. का, ते पुढे येईलच.

आता अंतर. चांगी विमानतळ ते जकार्त्याचा सुकार्नो-हात्ता विमानतळ हे हवाई अंतर सुमारे ८८० किलोमीटर आहे. मुंबई–बंगळूरपेक्षा थोडं जास्त. हा आकडा कुठल्याही वेबसाइटवर मिळतो, पण तो घरबसल्या, आठवी-नववीच्या गणितावर काढता येतो याची मला जास्त गंमत वाटते.

चांगी आहे १.३६ अंश उत्तर अक्षांशावर आणि १०३.९९ अंश पूर्व रेखांशावर. जकार्त्याचा विमानतळ ६.१३ अंश दक्षिण आणि १०६.६६ अंश पूर्व. एक विषुववृत्ताच्या वर, दुसरा खाली, म्हणून अक्षांशांची बेरीज करायची: ७.४९ अंश. रेखांशांची वजाबाकी: २.६७ अंश. विषुववृत्ताजवळ एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, आडवाही तेवढाच आणि उभाही. म्हणजे दक्षिणेला ८३१ किलोमीटर आणि पूर्वेला २९६. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू हातात आल्या, कर्ण काढायचा. पायथागोरस लावला की ८८२ येतात. झालं.

हे इतकं सरळ निघतं ते फक्त जागेच्या कृपेने. पृथ्वी गोल आहे, आणि गोलावर सगळे रेखांश ध्रुवाकडे जाता जाता एकमेकांजवळ येतात, सोललेल्या मोसंबीच्या फोडी टोकाला मिळतात तसे. साठ अंश उत्तरेला, म्हणजे ऑस्लोच्या आसपास, रेखांशाचा एक अंश जेमतेम ५६ किलोमीटरचा उरतो. तिथे पायथागोरस तोंडघशी पडतो. मुंबई–न्यूयॉर्कचं अंतर असं काढायला गेलात तर उत्तर भलतंच येईल. तिथे पृथ्वीगोल घेऊन दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा लागतो. तो दोरा भिंतीवरच्या नकाशात उमटवला तर उत्तरेकडे फुगलेल्या कमानीसारखा दिसतो आणि लोकांना वाटतं विमान वळसा घालतंय. सिंगापूर–जकार्ता विषुववृत्ताला चिकटून असल्यामुळे नकाशावरची सरळ रेष आणि ताणलेला दोरा यांत फरकच पडत नाही.

कुठे ८८० दिसेल, कुठे ८९०. दोन्ही बरोबर. विमानतळ ते विमानतळ ८८०, आणि सिंगापूर शहराच्या मध्यापासून जकार्त्याच्या मोनास स्मारकापर्यंत मोजलं तर ८९० च्या आसपास. चांगी सिंगापूरच्या पूर्व टोकाला आहे, आणि सुकार्नो-हात्ता तर जकार्त्यात नाहीच, शेजारच्या बांतेन प्रांतातल्या तांगेरांगमध्ये आहे. तिकिटावरचं सीजीके हे त्याचं सांकेतिक नाव जवळच्या चेंकारेंग या भागावरून आलंय.

असो. विमान समुद्रसपाटीपासून दहा-अकरा किलोमीटर वर, ताशी ८३०–८४० किलोमीटर वेगाने जातं. ८८० किलोमीटरला तासाभरापेक्षा थोडाच जास्त वेळ लागायला हवा. मग पावणेदोन तास कसे?

याचं उत्तर एसटीच्या ड्रायव्हरला चटकन कळेल. गाडी उभी केली की चाकाला उटी लावतात ना, तशी ती विमानाच्या चाकांनाही लावतात. उटी काढून विमान जागचं हललं की घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या गावात पार्किंगच्या जागी थांबून पुन्हा उटी लागली की घड्याळ बंद. याला विमानवाले ब्लॉक टाइम म्हणतात. तिकिटावर छापलेली वेळ ही या उटीपासून उटीपर्यंतची असते. हवेतला वेळ त्यातला एक हिस्सा. चांगीवर गेटपासून धावपट्टीपर्यंत रांगत जायला, पुढच्या तीन-चार विमानांमागे थांबायला पंधरा मिनिटं सहज लागतात. जकार्त्यात उतरल्यावर पुन्हा तेच.

शिवाय हवेतही विमान सगळा वेळ पूर्ण वेगाने जात नाही. दहा हजार फुटांखाली साधारणपणे २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा असते. वर चढायला वीसेक मिनिटं. आणि उतरणं फार आधीपासून सुरू होतं. वैमानिकांचा एक ढोबळ आडाखा आहे, दर हजार फूट खाली यायला तीन सागरी मैल सोडायचे. ३५ हजार फुटांवरून यायचं तर १०५ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ १९५ किलोमीटर आधीच नाक खाली. वेग कमी करायला आणखी थोडी जागा. चढण आणि उतरण वजा केली तर ८८० मधला सपाट रस्ता निम्म्याच्या आसपासच उरतो. अर्धा-पाऊण तास. त्यात हवाई सेविकांना दीडशे-पावणेदोनशे लोकांना खायला देऊन ट्रे गोळाही करायचे असतात. या फेरीवर मी कॉफी गार करत बसण्याचा प्रयत्न दोनदा केलाय, दोन्ही वेळा कप अर्धा भरलेला परत गेला.

मी स्वतःसाठी एक ढोबळ सूत्र करून ठेवलंय, ते इथे देतो. पाऊण तास ठरलेला, आणि पुढे दर १४ किलोमीटरला एक मिनिट. पाऊण तास हा जणू टोलनाका, अंतर कितीही असो भरायचाच. सिंगापूर–क्वालालंपूर २९५ किलोमीटर: ४५ अधिक २१, तास-सव्वा तास. सिंगापूर–जकार्ता ८८०: ४५ अधिक ६३, पावणेदोन तास आणि वर दोन-तीन मिनिटं. सिंगापूर–बँकॉक १,४१६: ४५ अधिक १०१, दोन तास पंचवीस मिनिटं. वेळापत्रकात साधारण असेच आकडे दिसतात. क्वालालंपूरपेक्षा जकार्ता तिप्पट लांब, पण वेळ दुप्पटही लागत नाही, ते या टोलनाक्यामुळे. लांबचा पल्ला असेल तर मात्र हे सूत्र वापरू नका, वारा ते मोडून काढतो.

वेळापत्रकात विमान कंपन्या थोडी हवाही भरून ठेवतात. ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर ते विमान वेळेवर धरायचं, असा या धंद्यातला रिवाज. मग दहा मिनिटं जास्तीची लिहिली की सगळ्यांचंच भलं. "आपण दहा मिनिटं लवकर पोचलो आहोत" ही घोषणा ऐकून खूश होण्यात काही अर्थ नाही, ती दहा मिनिटं आधीच वेळापत्रकात लिहिलेली असतात.

आता प्रत्यक्ष विमानात बसू. चांगीच्या धावपट्ट्या उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य अशा आहेत. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं. जून ते सप्टेंबर दक्षिणेकडून वारे येतात, तेव्हा विमान दक्षिणेला तोंड करून सुटतं, आणि जकार्ताही दक्षिणेलाच. सोन्याहून पिवळं. पण डिसेंबर ते मार्च ईशान्य मोसमी वारे असतात. तेव्हा जकार्त्याचं विमान आधी उत्तरेला उडतं आणि मग मोठं वळण घेऊन माघारी फिरतं. खिडकीत बसलात तर पाच-सात मिनिटं आपण मलेशियाला निघालोय असंच वाटतं.

वळण झालं की खाली सिंगापूरची सामुद्रधुनी, नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांचा अक्षरशः बाजार. पलीकडे लगेच बाताम आणि बिंतान, म्हणजे इंडोनेशिया. सरळ रेषेत मोजलं तर चांगीपासून सुमारे १६० किलोमीटरवर, लिंगा बेटांच्या आसपास, विषुववृत्त ओलांडलं जातं. कुणी घोषणा करत नाही. सीटबेल्टचा दिवा नुकता विझलेला असतो आणि लोक पाय मोकळे करत असतात, तेवढ्यात आपण दक्षिण गोलार्धात. पुढे सुमात्रा आणि बांका बेटाचा परिसर, मग जावा समुद्र, आणि शेवटी जकार्त्याच्या किनाऱ्यासमोर विखुरलेली छोटी छोटी हिरवी बेटं. त्यांना तिथे कपुलाउआन सरिबू, म्हणजे 'हजार बेटं' म्हणतात. आहेत शंभराहून थोडी जास्त. जकार्त्याच्या धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत आणि आपण येतो उत्तरेकडून, त्यामुळे शेवटी पुन्हा एक काटकोनी वळण आलंच.

आणखी एक गंमत आकाशातली. विमान इंडोनेशियाच्या बेटांवरून जात असतं, तरी सुरुवातीला वैमानिक बोलत असतो सिंगापूरच्या हवाई नियंत्रणाशी. बाताम-बिंतान ज्यांत येतात त्या रिआऊ बेटांवरच्या आकाशाची वाहतूक कुणी सांभाळायची यावर दोन्ही देशांत कित्येक वर्षं चर्चा चालली. जानेवारी २०२२ मध्ये करार झाला आणि मार्च २०२४ मध्ये अमलात आला. आकाशाची हद्द इंडोनेशियाकडे गेली, पण चांगीच्या जवळच्या पट्ट्यात ३७ हजार फुटांखालची वाहतूक सांभाळायचं काम इंडोनेशियाने सिंगापूरकडेच सोपवलं. चांगीवर उतरणारी-चढणारी विमानं तिथेच गर्दी करतात, त्यामुळे दोन नियंत्रकांनी अर्धी अर्धी वाटून घेण्यापेक्षा हे बरं.

पाऊस हा या मार्गाचा खरा त्रास. सिंगापूरला एप्रिल ते नोव्हेंबर पहाटे-सकाळी सुमात्राकडून ढगांची भिंत येते, तिला नावच 'सुमात्रा' पडलंय. विजा जवळ आल्या की विमानाभोवती काम करणारी माणसं आत घेतात, सामान चढवणं थांबतं, आणि आपण आत बसून चुळबुळ करतो. जकार्त्यात पाऊस बहुधा दुपारनंतर. शहराच्या दक्षिणेला असलेल्या बोगोरला तर 'पावसाचं शहर' हेच टोपणनाव आहे. विषुववृत्ताजवळचे वादळी ढग पंधरा किलोमीटरच्याही वर जातात, त्यामुळे त्यांच्यावरून उडून जाता येत नाही, बगल द्यावी लागते. तीस-चाळीस किलोमीटरची बगल म्हणजे दोन-तीन मिनिटं. वेळापत्रकात भरून ठेवलेली हवा इथे कामी येते.

घड्याळाकडे परत येऊ, कारण आईचं समाधान तिथेच अडलं होतं. नकाशा उघडून बघा. जकार्ता सिंगापूरच्या पूर्वेला आहे, तीन अंशांनी. सूर्य पूर्वेला आधी उगवतो, एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने जकार्त्याचं घड्याळ सिंगापूरच्या बारा मिनिटं पुढे असायला हवं. भिंतीवरचं घड्याळ मात्र एक तास मागे आहे!

यात वाकडी चाल सिंगापूरची. जकार्त्याची वेळ ग्रिनिचच्या सात तास पुढे, आणि ती सूर्याशी छान जुळते. सिंगापूर १९८१ पर्यंत साडेसात तास पुढे होतं, म्हणजे भारताच्या बरोब्बर दोन तास पुढे. तेव्हा द्वीपकल्पीय मलेशियाचीही वेळ साडेसातच, पण बोर्निओवरच्या साबा आणि सारावाक या त्यांच्याच राज्यांची आठ. एका देशात दोन घड्याळं नकोत म्हणून महाथीर मोहम्मद यांच्या सरकारने १ जानेवारी १९८२ पासून सगळ्या देशाला आठ तासांवर आणलं. सिंगापूरचा व्यापार-उदीम, येणंजाणं सगळं मलेशियाशी बांधलेलं, त्यामुळे तेही मुकाट्याने अर्धा तास पुढे सरकलं. तेव्हापासून सिंगापूरला सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी एक वाजता. पहाटे पावणेसातला मी टॅक्सीत बसतो तेव्हा रस्त्यावरचे दिवे चालू असतात. जकार्त्यात मात्र सहा वाजता हॉटेलच्या पडद्यातून लख्ख ऊन आत येतं, आणि पहिल्या खेपेला मी उशीर झाला म्हणून धडपडत उठलो होतो.

याचा सगळ्यात मजेदार नमुना म्हणजे बाताम. सिंगापूरच्या समोर, विसेक किलोमीटरवर, उंच इमारतीवरून दिसतं. पण ते इंडोनेशियात, म्हणून जकार्त्याच्या वेळेवर. फेरीबोटीला साधारण तासभर लागतो. सकाळी नऊला बसा, नऊलाच उतरा. येताना नऊला निघालात तर अकरा वाजतात. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे जायला वेळच लागत नाही!" तिकिटावर छापलेलं पाहिलं असतं तर तिने नक्की कुणाला तरी धारेवर धरलं असतं.

हे सगळं झालं विमानाचं. माणसाला किती वेळ लागतो हा वेगळाच मामला. त्या ९.१० च्या विमानासाठी मी घरून सव्वासहाला निघालो. जकार्त्यात उतरून भारतीय पासपोर्टवर आगमन व्हिसा घेतला. त्याची फी पाच लाख रुपये. घाबरू नका, इंडोनेशियन रुपये, आपले अडीच-तीन हजार. मग बॅग, मग गाडी, आणि मग माचेत. ट्रॅफिक जॅमला तिथे माचेत म्हणतात, आणि जकार्त्यात पोचून तासाभरात हा शब्द कुणी शिकला नाही असं होत नाही. विमानतळ ते ऑफिस तीस किलोमीटर, लागला दीड तास. पोचलो तेव्हा तिथे बारा वाजले होते, माझ्या पोटात एक. घर ते ऑफिस पावणेसात तास, त्यातले विमान हवेत होतं ते जेमतेम सव्वा तास. सकाळची बैठक ठरवणारे लोक तिकिटावरचे ९.५५ बघून साडेदहाची वेळ देतात. त्यांना हे सगळं समजावून सांगणं मी सोडून दिलंय.

राहिली ती अट. जाताना-येताना सारखाच वेळ का लागतो? भारताच्या उत्तरेकडून, युरोपवरून, जपानवरून, दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. पूर्वेला जाणाऱ्या विमानाला ते पाठीवर घेतात, पश्चिमेला जाणाऱ्याच्या छातीवर बसतात. हे प्रवाह विषुववृत्तापासून लांब असतात. सिंगापूर–जकार्त्याच्या आकाशात तसं जोरकस काही नाही. शिवाय हा मार्ग मुख्यतः उत्तर-दक्षिण, त्यामुळे पूर्व-पश्चिम वारा असलाच तरी तो कुशीला लागतो. म्हणून निम्मे-निम्मे करायची युक्ती इथे चपखल बसते.

ही शेवटची गोष्ट मी आईला तेव्हा सांगितली नव्हती. कंटाळा केला. जुलैत आत्येभाऊ मुंबईहून लंडनला निघाला, त्याच्या तिकिटाचा फोटो तिच्याकडे गेला. जाताना दुपारी १ ते संध्याकाळी ६.२०. येताना रात्री ९ ते दुसऱ्या दिवशी सकाळी १०.३०. तिने कागद-पेन्सिल घेऊन युक्ती लावली आणि रात्री मला फोन केला.

"प्रवास सव्वानऊ तास नि वर दहा मिनिटं. बरोबर?"

"साधारण."

"आणि लंडनचं घड्याळ आपल्या चार तास पाच मिनिटं मागे? पाच मिनिटं कोण ठेवतं रे?"

"साडेचार तास मागे आहे, आई. मधली पंचवीस मिनिटं वाऱ्याची."